युद्ध संपलं, मग त्या पोरांचं काय झालं?

आमच्याकडे अ‍ॅमस्टरडॅमला भारतातून कोणी आलं की लिस्ट ठरलेली असते. ट्युलिप्स, पवनचक्क्या आणि अ‍ॅन फ्रँकचं घर. ट्युलिप्सचा सीझन बहुतेक वेळा होऊन गेलेला असतो आणि अ‍ॅन फ्रँकची तिकिटं आधीच उडालेली असतात (दर मंगळवारी सहा आठवडे पुढची तिकिटं सुटतात, येणार असाल तर लिहून ठेवा, मला आदल्या दिवशी फोन करून काही उपयोग नाही). मग पाहुणे हिरमुसतात आणि मी त्यांना प्लांटाज भागात घेऊन जाते.

अ‍ॅन फ्रँक म्हणजे नाझींपासून लपून डायरी लिहिणारी आणि शेवटी छावणीत मेलेली ज्यू पोरगी. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण होतं काय, की तिची गोष्ट जिथे संपते तिथे लोकांच्या डोक्यात ते सगळं प्रकरणच संपतं. मेले ते गेले, वाचले ते सुटले, १९४५ ला युद्ध संपलं, घंटा वाजली. मला मात्र वाचलेल्यांच्या गोष्टीच जास्त छळतात, त्यातही जी ज्यू पोरं तेव्हा दोन-चार-सहा वर्षांची होती आणि परक्या घरात लपून वाचली त्यांच्या. कारण वाचलं म्हणजे नक्की काय झालं हे त्या पोरांना कोणी विचारलंच नाही कित्येक वर्षं.

उन्हाळ्यात आई आली होती. आईला ज्यू म्हटलं की अलिबागच्या शाळेतल्या तिच्या बाई आठवतात, बेने इस्रायल होत्या, घरात आपल्यासारखंच मराठी, नऊवारी नेसायच्या आणि शनिवारी काम करायच्या नाहीत एवढाच काय तो फरक. त्यामुळे इथलं ऐकून तिचा पहिला प्रश्न होता, "पण ह्यांनी ओळखलं कसं गं कोण ज्यू ते?" आणि ह्याचं उत्तर इथे राहणाऱ्या कुणालाही पटकन कळेल. इथे आल्यावर पहिलं काम म्हणजे नगरपालिकेत नाव नोंदवायचं, घर बदललं की परत नोंदवायचं, सगळं कसं टापटीप. तेव्हाही असंच होतं आणि त्या नोंदीत धर्मसुद्धा लिहिलेला असायचा. मे १९४० मध्ये जर्मनांनी पाच दिवसांत हा देश, म्हणजे नेदरलँड्स, घेतला तेव्हा त्यांना यादी जवळपास तयारच मिळाली. देशात सुमारे १,४०,००० ज्यू होते. मे १९४२ पासून कपड्यांवर पिवळा तारा, जुलै १९४२ पासून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या. सुमारे १,०७,००० लोकांना नेलं, त्यातले जेमतेम ५,००० परत आले. पोलंडमधल्या नुसत्या सोबिबोर ह्या मृत्युछावणीला १९४३ च्या मार्च ते जुलैमध्ये इथून ३४,३१३ माणसं पाठवली आणि त्यातली १८ जगली. चौतीस हजारांतली अठरा. आईने आकडा दोनदा विचारून घेतला.

तर प्लांटाज मिडनलान नावाचा रस्ता आहे, प्राणीसंग्रहालयाच्या अगदी जवळ, ट्राम जाते त्या रस्त्याने. एका बाजूला एक जुनं थिएटर आहे, हॉलंडशे स्खाउबुर्ग. नाटकं व्हायची तिथे, चांगलं नावाजलेलं थिएटर. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी ते ताब्यात घेतलं आणि ज्यूंना पकडून आणून गोळा करायची जागा केली. तिथून वेस्टरबोर्क नावाच्या छावणीत आणि तिथून पुढे पोलंडला. आत कोंदट, अंधार, हजारभर माणसं खुर्च्यांमध्ये आणि स्टेजवर बोचकी घेऊन बसलेली, कोणी दोन दिवस, कोणी दोन आठवडे. लहान पोरं रडायची, ओरडायची, ह्याचा पहारेकऱ्यांना त्रास व्हायला लागला. मग त्यांनी ठरवलं की मुलं समोर ठेवायची. समोर म्हणजे अगदी रस्त्यापलीकडे, तिथे आधीपासून एक पाळणाघर होतं. तर १३ वर्षांखालची पोरं पाळणाघरात आणि आईबाप रस्त्याच्या ह्या बाजूला थिएटरमध्ये. गाडीची रात्र आली की पोरांना उठवून, कपडे घालून, रस्ता ओलांडून आईबापांच्या हातात द्यायचं आणि सगळ्यांना एकत्र रवाना करायचं.

पाळणाघराच्या प्रमुख होत्या हेन्रिएट पिमेंटेल, साठीच्या पुढच्या बाई, स्वतः ज्यू. हाताखाली सतरा-अठरा-वीस वर्षांच्या पोरी, ट्रेनिंग घेणाऱ्या, त्याही ज्यू. आणि थिएटरमध्ये ज्यू कौन्सिलतर्फे (जर्मनांनीच ज्यूंकडून कामं करवून घ्यायला नेमलेलं ज्यूंचं मंडळ) व्यवस्था बघायला होता वाल्टर झुस्किंड, जर्मनीतून पळून आलेला, आधी मोठ्या कंपनीत मॅनेजर असलेला माणूस. त्याला जर्मन अस्खलित येत असल्यामुळे तो एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या खास दलाच्या, अधिकाऱ्यांबरोबर बसायचा, सिगारेटी ओढायचा, हसायचा, दारू पाजायचा, आणि त्यामुळे बाहेर त्याच्याबद्दल लोक काय काय बोलायचे असतील ते सांगायलाच नको. ज्यू कौन्सिलवर आजही इथे वाद होतात, तो विषय मोठा आहे, इथे नको. पण हाच माणूस आणि त्याचा सहकारी फेलिक्स हाल्व्हरश्टाट मिळून नोंदींच्या कार्डांमध्ये फेरफार करायचे. एक मूल कमी करायचं असेल तर ते कागदावरूनही कमी व्हायला पाहिजे ना. नाहीतर रात्री मोजदाद करताना कळणारच.

मग मूल बाहेर कसं काढायचं? तान्ही असतील तर पाठपिशवीत, कपड्यांच्या टोपलीत, बटाट्याच्या पोत्यात. चालणारी असतील तर ट्राम. दारात पहारेकरी उभा असायचा थिएटरच्या बाजूला, रस्त्याच्या मधून ट्राम जायची. ट्राम येऊन थांबली की तेवढा वेळ पहारेकऱ्याला पलीकडचं दिसायचं नाही. त्या पोरी मुलाचा हात धरून ट्रामच्या आडोशाने चालायला लागायच्या आणि पुढच्या स्टॉपवर आत चढायच्या. ट्राममधल्या लोकांना, ड्रायव्हरला दिसत असणारच की ही पोरगी धापा टाकत लेकराला घेऊन चढली आहे. कोणी काही बोलायचं नाही. मी आईला त्याच रस्त्यावर उभं केलं आणि ट्राम आली तेव्हा म्हटलं बघ आता. ट्राम गेली आणि पलीकडचं दार परत दिसायला लागलं, बस, तेवढाच वेळ. फार नसतो हो. मुलाने नेमकं तेव्हाच चप्पल सुटली म्हणून भोकाड पसरलं तर?

तिसरा रस्ता म्हणजे मागची बाग. पाळणाघराला लागून शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं, त्याचे मुख्याध्यापक योहान फान हुल्स्ट, ख्रिश्चन, तिशीतले. दोन बागांच्या मध्ये कुंपण, त्याच्यावरून पोरं उचलून पलीकडे द्यायची आणि कॉलेजातून विद्यार्थी संघटनांची मुलंमुली त्यांना घेऊन जायची. एकदा म्हणे कॉलेजच्या परीक्षेला सरकारी इन्स्पेक्टर आला, त्याला बाळांचं रडणं ऐकू गेलं. त्याने विचारलं ही ज्यू मुलं आहेत का. फान हुल्स्ट गप्प. इन्स्पेक्टरने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, देवाशपथ, जपून राहा. ते कॉलेज म्हणजेच आता होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीचं, म्युझियम आहे, मार्च २०२४ मध्ये उघडलं. (फान हुल्स्ट १०७ वर्षं जगले. नंतर खासदार झाले आणि नव्वदी उलटल्यावरही बुद्धिबळाच्या स्पर्धा जिंकायचे. असं काही कळलं की मला उगाच बरं वाटतं.)

ह्या सगळ्या मार्गांनी साधारण ६०० मुलं बाहेर काढली.

पण ह्या सगळ्यात एक पायरी होती जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं आणि आई नेमकी तिथेच अडकली. "अगं, पण आईबापांना विचारायचे ना? का असंच?" विचारायचे. विचारायलाच लागायचं, कारण रात्री गाडीत बसताना आईने "माझं बाळ कुठाय" म्हणून आरडाओरडा केला तर सगळेच मेले. त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरी थिएटरमध्ये जाऊन हळूच आईबापांना विचारायच्या की तुमचं मूल इथेच ठेवायचं का. कोणाकडे, कुठे, काही सांगता यायचं नाही, कारण त्यांनाही माहीत नसायचं. तुम्हाला सांगितलंय की पूर्वेला कामाच्या छावणीत नेणार आहेत, कष्ट असतील पण एकत्र राहाल. आणि समोर एक पोरगेलीशी नर्स म्हणतेय की द्या बाळ. आत्ता सांगा, उद्या गाडी आहे. कितीतरी जणांनी नाही म्हटलं. कोणती आई हो म्हणेल हो? ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यातल्या काहीजणी हातात दुपट्यात गुंडाळलेली बाहुली घेऊन गाडीत बसल्या, मोजदाद बरोबर यावी म्हणून.

"दिलं कसं गं त्या बायांनी," असं आई म्हणाली आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही, कॉफी थंड केली.

जुलै १९४३ मध्ये पिमेंटेलबाईंना पाळणाघरातल्या मुलांबरोबरच नेलं, सप्टेंबरमध्ये पोलंडमधल्या ऑशविट्झच्या छावणीत मारलं. २९ सप्टेंबर १९४३ ला अ‍ॅमस्टरडॅममधली शेवटची मोठी धरपकड झाली आणि पाळणाघर रिकामं केलं. त्याआधी फान हुल्स्टना निरोप आला की जेवढी नेता येतील तेवढी घेऊन जा. समोर सत्तर-ऐंशी-शंभर पोरं उभी. त्यांनी बारा नेली. आयुष्यभर त्या माणसाला कोणी शाबासकी द्यायला गेलं की तो न नेलेल्यांबद्दलच बोलायचा. झुस्किंडची बायको आणि छोटी मुलगी ऑशविट्झला गेल्या, तोही १९४५ च्या फेब्रुवारीत गेला. सहाशे पोरं बाहेर काढली, स्वतःची एक नाही वाचली.

आता ह्या बाहेर काढलेल्या पोरांचं पुढे काय? त्यांना लांब पाठवायचे. गोरी, पिंगट केसांची असतील तर उत्तरेला फ्रीसलंडमध्ये, काळ्या केसांची असतील तर दक्षिणेला लिम्बर्गमध्ये, खाणकामगारांच्या घरात, कारण तिथे काळे केस जरा खपून जायचे. नाव नवं. शेजाऱ्यांना सांगायचं की रॉटरडॅमचं आहे, बॉम्बहल्ल्यात घर गेलं. रॉटरडॅमवर मे १९४० मध्ये खरंच मोठा बॉम्बहल्ला झाला होता, त्यामुळे ती थाप सगळ्यांच्या सोयीची होती. कॅथलिक घरात गेलं तर कॅथलिक प्रार्थना, प्रोटेस्टंट घरात गेलं तर बायबलमधली स्तोत्रं, आणि गावची बोली लवकर उचलायची. चार वर्षांच्या पोराला शिकवायचं की तुझं नाव तुझं नाही, तुला आई नाही, आणि जुन्या नावाने कोणी हाक मारली तर वळायचं नाही. माझा लेक चार वर्षांचा आहे, त्याला मी साधं "आजीला चॉकलेटचं सांगू नको" म्हटलं तरी पहिली गोष्ट तो आजीला तीच सांगतो.

आणि एकाच घरी राहायला मिळेल असंही नाही. शेजारी जरा जास्त बघायला लागला की हलवा. ज्यू शोधून देणाऱ्यांना डोक्यामागे साडेसात गिल्डर मिळायचे, त्याच धंद्यावर जगणारी एक अख्खी टोळी होती अ‍ॅमस्टरडॅममध्ये, पगारी. मूल असो की म्हातारा, रेट तोच. एड फान थाइन हा नंतरचा अ‍ॅमस्टरडॅमचा महापौर, तो लहानपणी १८ पत्त्यांवर लपला होता आणि तरी शेवटी सापडला, वेस्टरबोर्कला गेला, नशिबाने तोवर पुढच्या गाड्या बंद झाल्या होत्या. अठरा घरं म्हणजे अठरा वेळा नवीन बाईला आई म्हणायचं किंवा मावशी म्हणायचं, अठरा वेळा नवीन घराचे नियम, कुठे शिंकायचं नाही, कुठल्या खिडकीजवळ जायचं नाही.

आसरा देणारे सगळेच संत नव्हते हेही सांगायला पाहिजे. जीव धोक्यात घालून स्वतःच्या पोरांसारखं वाढवणारे होते, तसे पैशासाठी ठेवणारे होते, राबवून घेणारे होते, मारणारे होते, आणि मुलींचा गैरफायदा घेणारेही होते. त्या पोरीने सांगायचं कोणाला? बाहेर पडली तर मरण, आणि ज्याने वाचवलं त्याच्याबद्दल तक्रार कशी करायची? हे पन्नास वर्षं कोणी उच्चारलं नाही.

आता मला जी गोष्ट मुद्दाम सांगायची होती ती. आल्फ्रेड म्युन्झर नावाचे डॉक्टर आहेत, अमेरिकेत राहतात, स्वतः जाहीरपणे ही गोष्ट सांगतात. जन्म द हेगमध्ये, नोव्हेंबर १९४१. वडील शिंपी. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये आईबाप लपायला गेले तेव्हा बाळ नऊ-दहा महिन्यांचं. दोन मोठ्या बहिणी, एव्हा आणि लेआ, कॅथलिक बायकांकडे ठेवल्या. बाळ फिरत फिरत पोचलं टोले मादना नावाच्या इंडोनेशियन माणसाच्या घरी. इंडोनेशिया तेव्हा डच वसाहत, त्यामुळे तिकडची माणसं द हेगमध्ये बरीच. त्या घरात मुलांना सांभाळायला मीमा साइना नावाची बाई होती, इंडोनेशियन, मुसलमान, लिहिता-वाचता न येणारी. ह्या मीमाने ते ज्यू पोर वाढवलं. पोराच्या नावाने रेशनकार्ड नाही म्हणून दुधासाठी मैलोनमैल चालत जायची. रात्री त्याला स्वतःच्या पलंगावर घेऊन झोपायची आणि उशाखाली सुरी ठेवायची. नाझी आलेच तर त्यांना मारीन म्हणायची. तिच्या भाषेतली अंगाई गायची.

बहिणींचं काय झालं? ज्या बाईने त्यांना ठेवलं होतं, तिच्याच नवऱ्याने भांडणातून बायकोला आणि त्या दोन मुलींना पकडून दिलं. फेब्रुवारी १९४४, ऑशविट्झ. एव्हा सात वर्षांची, लेआ पाच. वडील छावण्यांमधून जगले, सुटकाही झाली आणि दोन महिन्यांनी गेले. आई मात्र वाचली. फ्युख्टच्या छावणीत तिने फिलिप्स कंपनीसाठी रेडिओचं काम केलं, मग ऑशविट्झ, मग पुढे आणखी छावण्या, आणि ह्या सगळ्या काळात तिच्याजवळ ह्या मुलाचे दोन छोटे छोटे फोटो होते, अंगावर लपवलेले.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये ती द हेगला आली. पोर साडेतीनच्या पुढचं. झोपेतून उठवलेलं, किरकिरं. सगळे गोल बसलेले आणि पोराला शांत करायला ह्याच्या मांडीवरून त्याच्या मांडीवर असं फिरवत होते, सगळ्यांच्या मांडीवर ते बसलं. एका मांडीवर बसायला तयार नाही, तिथे दिलं की ढकलून उतरायचं. ती अनोळखी बाई म्हणजे त्याची आई. त्याला आई होती की, मीमा होती.

माझा लेक मागे एकदा मी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जाऊन आले तेव्हा आजीच्या पदराआड लपला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आला नाही, आणि मला ते इतकं लागलं होतं की मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ह्या बाईचा नवरा गेला, दोन मुली गेल्या, उरलं ते एक, आणि ते ढकलतंय. आणि पोराच्या बाजूनेही बघा ना, त्याचं काय चुकलं? म्युन्झरच्या आईने शहाणपणा असा केला की मीमाला तोडलं नाही. ठरलं की मी काम करीन, मीमाच पोराला सांभाळेल. दोन महिन्यांत मीमा मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. म्हणजे चार वर्षांचा व्हायच्या आत त्याच्या दोन आया हातातून गेल्या आणि त्यातली एक परत आली ती परकी होऊन.

हे एकट्याचं नाही. रॉबर्ट क्रेल म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत कॅनडात, त्यांचाही जन्म द हेगचाच, दोन वर्षांचे असताना दुसऱ्या घरी लपवलेले. त्यांचे आई आणि वडील दोघंही परत आले, म्हणजे इतकं नशीबवान पोर शोधून सापडायचं नाही. आणि तरी ते सांगतात की आईबाप न्यायला आले तेव्हा मी किंचाळलो, मला जायचं नव्हतं. बाहेर रस्त्यावर झेंडे लावून नाचत होते सगळे आणि घरात पोराला ओढून नेत होते.

ज्यांचे कोणीच परत आले नाहीत त्यांचं तर वेगळंच. लपून वाचलेली साधारण साडेतीन-चार हजार मुलं होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त पोरकी. मग सरकारने १९४५ च्या ऑगस्टमध्ये एक कायदा केला आणि एक कमिशन नेमलं, युद्धातल्या पोरक्या मुलांसाठी. नियम काय, तर आईबाप एका महिन्याच्या आत हजर झाले नाहीत तर त्यांचा मुलावरचा हक्क कमिशनकडे. माणसं अजून पोलंडमधून, रशियातून चालत येतायत, आजारी पडलीयेत, आणि इथे एका महिन्याची मुदत! कागद नीट असला पाहिजे ना. कमिशनच्या अध्यक्ष होत्या खेझिना फान डेर मोलन. ह्याच बाईंनी युद्धात स्वतः पाळणाघरातली पोरं बाहेर काढायला मदत केली होती, धाडसी बाई, कट्टर प्रोटेस्टंट. त्यांचं म्हणणं साधारण असं की मूल जिथे रुळलंय तिथेच राहू द्या, वडील-आई ज्यू होते एवढ्यावरून हलवायचं कशाला. आणि उरलेल्या ज्यू समाजाचं म्हणणं, आमची लाखभर माणसं मारली, आता जी पोरं उरली तीही तुम्ही ख्रिश्चन करून ठेवणार? वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी पुष्कळशी मुलं ज्यू नातेवाइकांकडे किंवा अनाथाश्रमात गेली आणि काही शे ख्रिश्चन घरातच राहिली.

मला ह्यात कोणाची बाजू घ्यावी कळत नाही, खरं सांगते. वाचताना एक पान वाचून वाटतं अध्यक्षबाई बरोबर, पोराला परत परत उपटू नका. पुढचं पान वाचलं की त्या मामाचं वाटतं जो छावणीतून येऊन बहिणीची एकुलती एक मुलगी मागतोय आणि समोरचे म्हणतायत की ती आता रविवारी चर्चला जाते, तिला तुमची सवय नाही. एकच नक्की, पोराला कोणी विचारलं नाही. आईबापांना त्या थिएटरमध्ये निदान विचारलं तरी होतं.

हान्स कायलसन हे नाव ह्यात फार महत्त्वाचं आहे. जर्मन ज्यू, डॉक्टर आणि लेखक, १९३६ मध्ये पळून इथे आले, युद्धात स्वतः डेल्फ्टमध्ये लपून राहिले आणि लपलेले असतानाच लपलेल्या पोरांना बघायला जायचे. युद्धानंतर पोरक्या ज्यू मुलांसाठीच काम केलं. मग ह्या मुलांपैकी २०४ जणांना ती मोठी झाल्यावर परत भेटले, आयुष्य कसं गेलं ते बघितलं, आणि १९७९ मध्ये, म्हणजे सत्तरीला टेकल्यावर, त्यावर पीएचडी केली. त्यांनी तीन टप्पे पाडले. पहिला, जर्मन आले आणि घरावर संकट आलं तो. दुसरा, आईबापांपासून तुटून लपून राहायचा. तिसरा, युद्धानंतरचा. आणि त्यांना सापडलं ते असं की ज्यांचा लपण्याचा काळ भयंकर गेला पण युद्धानंतर चांगलं घर मिळालं, ती मुलं पंचवीस वर्षांनी बऱ्यापैकी सावरलेली होती. आणि ज्यांचा लपण्याचा काळ त्या मानाने बरा गेला पण नंतर फरफट झाली, त्यांची अवस्था जास्त वाईट. म्हणजे तिसरा टप्पा, ज्याला सगळे "सुटका" म्हणतात, तोच सगळ्यात जास्त ठरवतो. मला वाटतं युद्धातून येणारी पोरं घेणाऱ्या प्रत्येक देशाच्या ऑफिसात हे निदान एका कागदावर लिहून लावलेलं असावं. स्वतः कायलसन १०१ वर्षं जगले. त्यांच्या आईवडिलांना त्यांनी इथे आणलं होतं, ते ऑशविट्झमधून आले नाहीत.

आणि मग गप्पपणा. ह्या मुलांना मोठी माणसं म्हणायची, तुला काय माहीत, तू लहान होतास, तुला काय आठवणार. छावणीतून आलेले म्हणायचे तू कुठे छावणीत होतास, तू तर शेतावर दूध पीत होतास, नशीबवान आहेस. आपल्याकडेही म्हणतातच की, लहान मुलं काय, विसरतात. त्यामुळे ही मुलं मोठी झाली, डॉक्टर झाली, महापौर झाली, नातवंडं झाली, तरी आपणही त्या युद्धातलेच आहोत हे म्हणायची त्यांची हिंमत व्हायची नाही. १९९१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला लपलेल्या मुलांचं पहिलं मोठं संमेलन भरलं, सोळाशे लोक आले, सगळे पन्नाशी-साठीचे. पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला भरलं, फान थाइन तेव्हा इथला महापौर. कित्येकांनी तिथे आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं जुनं नाव चारचौघांत मोठ्याने सांगितलं.

आईला घरी आल्यावर म्युन्झरांचं भाषण लावून दिलं, नेटवर आहेत त्यांची बरीच. इंग्लिश तिला जरा जड जातं, त्यामुळे खाली अक्षरं लावून आणि मध्ये मध्ये थांबवून मी सांगत बसले. मांडीवर न बसण्याचा भाग आला तेव्हा तिने मलाच थांबवायला सांगितलं, जाऊन पाणी पिऊन आली, आणि मग विचारलं, "ती मादनांची माणसं नंतर भेटली का गं त्याला?"

भेटली. टोले मादना आणि त्यांच्या मुलांशी संबंध कधी तुटलाच नाही, अमेरिकेला गेल्यावरही नाही. टोले आणि मीमा दोघांची नावं याद वाशेमने (होलोकॉस्टच्या आठवणी जपणारी इस्रायलमधली संस्था) ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या यादीत घेतली आहेत. आईने मीमाचं नाव दोनदा वाचायला लावलं, मग म्हणाली, "पुढचं लाव."